गोळीच्या पेटीवरचं लुगडं

माझ्या गाडीत नियम एकच. जो सीट अडवेल त्याचं तिकीट. मग तो माणूस असो, कोथिंबिरीचं गाठोडं असो नाहीतर पुढाऱ्याचा मेव्हणा असो. भोर डेपोत कंडक्टर म्हणून लागले तेव्हापासून हा नियम मी मोडलेला नाही, आणि त्यापायी भोर ते स्वारगेट लोक मला काय काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. म्हणू देत. तोंडाला कुणी तिकीट लावलेलं नाही.

एकदा भोरहून निघताना एक पोरगा चढला आणि खिडकीच्या सीटवर जुना लाकडी रेडिओ ठेवून स्वतः शेजारी बसला. मी म्हटलं, "रेडिओचं तिकीट घ्या, नाहीतर मांडीवर घ्या." लोक अशा वेळी माझा उद्धार करतात. हा हसला आणि म्हणाला, "घेतो ना ताई. वयानं आपल्या सगळ्यांपेक्षा मोठा आहे तो, त्याला उभं कसं ठेवायचं?" मला तो तिथंच आवडला. नाव शौनक. पुण्यात हॉटेल काढतोय म्हणाला, जिथं लोकांनी चहा प्यायचा आणि जुने खेळ खेळायचे. जुनी खेळाची यंत्रं गोळा करत गावोगाव फिरतो. मोबाईलवर त्यानं एका पिनबॉल यंत्राचा फोटो दाखवला आणि मी गाडीत मोठ्यानं हसले.

"अहो, ही गोळीची पेटी तर आमच्या घरी आहे. हिच्यापायी माझा बाप घर सोडून हलेना!"

आता बापाचं सांगते. सोनबा, राहणार कामथडी, पण नुसतं सोनबा म्हटलं तर गावात कुणी पत्ता सांगणार नाही. पेटीवाला सोनबा म्हणायचं. आबा तरुणपणी वेल्ह्याकडचा आंबेमोहर घेऊन पाचगणीच्या हॉटेलांत विकायला जायचे. एका हॉटेलाचे म्हातारे मालक सगळं विकून पोराकडं राहायला निघाले होते. व्हरांड्यात एक यंत्र पडलेलं. उतरती फळी, वर काच, आत लोखंडी गोळी. बाजूची बटणं दाबली की दोन दांड्या फडफडतात, गोळी वर उडते, खांबांना आपटते, दिवे लागतात, घंट्या वाजतात. मालक म्हणाले, खेळून बघ. आबा खेळले. चहा झाला, जेवण झालं, आबा खेळतच होते. शेवटी दोन क्विंटल तांदूळ तिथं उतरवून आबा तांदळाच्या पैशाऐवजी ती पेटी टेम्पोत घालून घरी आले.

आई दारात उभी. बाळाबाई तिचं नाव, आणि नावाप्रमाणं बाळबोध मुळीच नव्हती.  आत गेली, भाकरतुकडा आणला आणि आबांवरून ओवाळून टाकला. म्हणाली, "दिष्ट लागल्याबिगर शहाणा मानूस असं करत न्हाई."

आबांचा बेत असा की पेटी जत्रेत न्यायची. पाळणेवाल्याच्या जनरेटरवरून करंट घ्यायचा आणि चार आण्याला तीन गोळ्या. बेत वाईट नव्हता, पण पेटीच्या मागं जी उभी काच असते, जिच्यात आकडे पडतात, तिच्यावर चित्र होतं समुद्राकाठच्या एका गोऱ्या बाईचं. अंगावर कपडा म्हणाल तर दोन चिंध्या. पहिल्याच जत्रेत आयांनी पोरांचे कान धरून त्यांना लांबून नेलं. एक म्हातारी तर थांबून म्हणाली, "आरं मुडद्या, हितं लेकीसुना हिंडत्यात. लाज कुठं गहान टाकलीस?"

आबा मान खाली घालून परत आले. तो दसऱ्याच्या आधीचा आठवडा. आमच्याकडं भादव्याच्या अमावास्येला पोळा होतो, मग लगेच नवरात्र. बैलांच्या शिंगांना लावलेल्या ऑइलपेंटचा डबा घरात असायचाच, तळाशी थोडा उरलेला. खंडेनवमीला विळे-कोयते-नांगर धुऊन पूजेला मांडतात, तशी पेटीही मांडली, आणि पूजेच्या आधी आईनं काडीला चिंधी गुंडाळून त्या बाईला तांबडं लुगडं नेसवलं. नीट काष्टा घातलेलं, पदर डोक्यावरून. नाकात नथ दिली, कपाळाला कुंकू लावलं. मग हळद-कुंकू वाहून म्हणाली, "आता जा. आता कुनी काय म्हनत असंल तर मला सांगा."

कुणी काही म्हटलं नाही. उलट रांग लागायला लागली. आई बाजूला बसून पैसे घ्यायची आणि जास्त वेळ बटणं बडवणाऱ्याला दम द्यायची. माझा आवाज तिच्यावर गेलाय म्हणतात. गेला असेल.

दर साली खंडेनवमीला बाईचं लुगडं बदलायचं. पोळ्याच्या बाजाराला आबांना एकट्याला जाऊ द्यायची नाही, रंग ती निवडणार. आबा चिडवायचे, "बैलं माजी आन् रंग तुजा व्हय?" त्यामुळं आमच्या बैलांची शिंगं आणि पेटीवरच्या बाईचं लुगडं कायम एका डब्यातलं. मी लहान असताना मला वाटायचं सगळ्यांच्या घरी असंच असतं.

आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही, कारण ती नसती तर सांगायला मी नसते. आईआबांच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, घरात पाळणा हलला नव्हता. वेल्ह्याच्या जत्रेत पेटी लावलेली. संध्याकाळची वेळ, दिवे लागलेले, घंट्या वाजतायत. पासलीची एक म्हातारी, सगुणाबाई, डोळ्यांना कमी दिसणारी, देवीच्या देवळाकडं निघालेली ती गर्दीतून थेट पेटीसमोर आली. काचेवर नथीतली बाई उजळलेली, घंटानाद चाललाय. म्हातारीनं चपला काढल्या, पदर पसरून नमस्कार केला आणि खण, नारळ, तांदूळ काचेवर ठेवून त्या गोऱ्या बाईची ओटी भरली! खेळणारा पोरगा तोंड वासून बाजूला. आबा सांगायला पुढं झाले की आजी, देऊळ तिकडं हाय. आईनं त्यांचा सदरा धरून मागं ओढलं. "गप ऱ्हावा. भरू द्या."

सगुणाबाई गेल्यावर ती ओटी काय करायची? काचेच्या फटीतून आत गेलेल्या तांदळानं गोळी अडकली होती. आईनं स्वतःचीच ओटी भरल्यासारखी ती पदरात घेतली. पुढच्या जत्रेला मी आईच्या मांडीवर होते. मधे पुण्याच्या दवाखान्यात किती खेटे घातले ते आबा कुणाला सांगत नाहीत. मला अजून म्हणतात, "तू गोळीच्या पेटीचा नवस हायेस, म्हून अशी खनखन वाजतीस."

असं सगळं चाललं. चार आण्याचा रुपया झाला, रुपयाचे पाच झाले, पोरांच्या हातात मोबाईल आले. करोनानं जत्रा बंद केल्या आणि त्या सुरू झाल्या तेव्हा आबांचे गुडघे बंद झाले. पेटी पडवीत आली. बायांना एसटीत अर्धं तिकीट झालं तेव्हा आईला कोण आनंद! काही काम नसताना आठवड्याला माझ्या गाडीनं भोरला यायची, खिडकीशी बसायची, कमरेची चंची सोडून पैसे मोजायची आणि म्हणायची, "लेकीची गाडी म्हून फुकाट नगं. अर्धं काप." तिकीट बांगडीत खोचून ठेवायची. "चेकर आला तर दावाया लागंल." चेकर तिच्या नशिबी एकदाही आला नाही. मग ती आजारी पडली आणि त्या हिवाळ्यात गेली.

त्यानंतर आबा पडवीत पेटीशेजारी झोपायला लागले. मी म्हणायचे, भोरला चला. ते म्हणायचे, पेटी कुठं ठेवनार? आमच्या दोन खोल्या. पेटी आत आली तर आम्ही नवराबायको आणि पोरं जिन्यात झोपायची. मग भांडण, मग अबोला. अबोला धरला तरी मी रोज त्यांच्या फाट्यावरून जात होते आणि ते रोज फाट्यावर उभे राहत होते. गाडीत चढायचे नाहीत. नुसता हात वर करायचे. ड्रायव्हर वेग कमी करायचा, मी दारातून बघायचे, झालं. बापलेकीचं तेवढंच बोलणं.

पावसाळ्यात एक दिवस ते फाट्यावर दिसले नाहीत. जाताना नाही, येतानाही नाही. मी शेजाऱ्यांना फोन लावला. पेटीवर गळतंय म्हणून ताडपत्री ओढायला स्टुलावर चढले होते, पडले. मनगट मोडलं. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं म्हणून निभावलं. त्या दिवशी मी ठरवलं, ती पेटी घरातून गेली पाहिजे. पैशांसाठी नव्हे हो. पेटी गेली की बाप माझ्या दारात येईल, एवढंच मला पाहिजे होतं.

म्हणून शौनकला मी रविवारी कामथडीला घेऊन गेले. आबा प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून बसलेले. काय करायला आलोय ते मी आधीच सांगितलं होतं. हो म्हणाले नव्हते, नाही म्हणाले नव्हते.

शौनकनं पेटीखाली वाकून, झाकण उघडून, सगळं पाहिलं. लहान पोरासारखा खूश झाला. मग आबांच्या पायाशी बसून सांगायला लागला. ही पेटी नवी होती तेव्हा अमेरिकेत सहाशे डॉलरच्या आसपास असावी. डॉलर तेव्हा साडेसात रुपयांचा. म्हणजे आपले साडेचार हजार.

"आन् म्या दोन क्विंटल तांदूळ दिलं," आबा म्हणाले. "तवा चार रुपयं किलो. म्हंजी आटशे. मग म्या फसलो न्हाई म्हना की!"

"फसला कसले, आबा? आज मी तुम्हाला तीन लाख देतो."

आबांनी बोटं मोजली. त्यांना लाख कळत नाहीत, पोती कळतात. "आज आंबेमोहर शंबर रुपयं धरला तर तीस क्विंटल. दोन दिलं आन् तीस मागं आलं?" आणि ते हसले. आई गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. "नूतने, तुजी आय आज पायजे हुती गं. म्हनलो असतो, घे तुजा भाकरतुकडा माघारी."

मग त्यांनी विचारलं, "तुज्या हाटेलात एका डावाला काय घेनार?"

"शंभर रुपये."

"शंबर! येड लागलं का पुन्याला?"

माझा जीव भांड्यात पडला. जमलं म्हटलं. तेवढ्यात शौनक उभ्या काचेकडं वळला. म्हणाला, "एकच आहे. तीन लाख मूळ चित्रासकट. पण त्याची काळजी नको. मूळ चित्र काचेच्या मागच्या अंगाला असतं आणि हा रंग पुढून लावलाय. ब्लेडनं अलगद निघेल. उलट या रंगाच्या आड आतलं चित्र उन्हापासून वाचलंय. बघा, दाखवतो."

आणि त्यानं खिशातून पातं काढून पदराच्या टोकाला लावलं.

रंग निघाला, पण आतली गोरी कातडी दिसलीच नाही. केशरी रंगाखाली मोरपंखी निघाला. मोरपंखीखाली पिवळा. मग डाळिंबी, बऱ्याच थरांखाली जांभळा, त्याहून कितीतरी खाली हिरवा, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकाखाली एक. शौनक म्हणाला, "बापरे, किती थर आहेत!" तो मान वाकवून खरवडत होता. आबा उठून त्याच्यामागं आले. पात्यावरून एक रंगीत साल गळाली, ती त्यांनी डाव्या तळहातावर झेलली.

"केशरी ती गेली त्या सालचं," आबा म्हणाले. "पदरच रंगवला तिनं. हात थरथरत हुता. खालचं तसंच ऱ्हायलं."

कुणी काही विचारलं नव्हतं. ते आपले बोलत होते.

"मोरपंखी कापूरहोळच्या दुकानातलं. बाहीर टांगलं हुतं, एसटीतनं बघायची. जांबळं तुज्या लग्नातलं, नूतने. तिला घ्याचं ठरलं हुतं. तुज्या सासूला मानाचं भारीतलं घ्यावं लागलं, म्हून ऱ्हायलं." मग खाली खाली बघत थांबले. "हे हिरवं बग. तू पोटात हुतीस. डव्हाळजेवनाला हिरवं पायजे म्हनली. म्या म्हनलं, फुडच्या दसऱ्याला घेऊ."

मला कळेना. "म्हणजे? पेटीवरचे रंग आणि आईच्या लुगड्यांचा काय संबंध?"

"जे लुगडं घ्याचं ऱ्हायलं, ते ती हिला नेसवायची. मी दर साली म्हनायचो, फुडच्या दसऱ्याला. ती म्हनायची, मला फसवलं तर फसवलं, हिला न्हाई फसवू द्याची." आबांचा आवाज फुटला. "लई वेळा फसवली गं म्या तिला. एकदाबी तोंड वाकडं केलं न्हाई तिनं."

आणि माझा बाप रडायला लागला. प्लास्टरचा हात डोळ्याला लावायला उचलत होता आणि तो डोळ्यापर्यंत पोचत नव्हता. मी पदरानं त्यांचं तोंड पुसलं. आमची बैलं आईच्या मनातल्या लुगड्यांचे रंग शिंगांवर मिरवत शेतात हिंडत होती, आणि मला वाटायचं आईला रंगकामाची हौस आहे. मला इतकं वाईट वाटलं की मी शौनकवरच ओरडले, "ठेवा ते ब्लेड खाली! काही विकायचं नाही. जावा तुम्ही!"

पोरानं पातं कधीच खाली ठेवलं होतं. त्याचाही चेहरा उतरला होता.

"त्याच्यावर नगं खेकसू," आबा म्हणाले. नाक ओढून ते पेटीकडं बघत उभे राहिले. मग शौनकला म्हणाले, "पोरा, ही काच निघती का येगळी?"

"निघते ना. नुसती सरकवायची."

"मग पेटी ने. लाकूड-लोखंड हाय, वाजतं ऱ्हायलं पायजे, हितं गंजून जाईल. ही बाई माज्या घरची हाय. ही न्हाई द्याची."

शौनकनं खरं ते सांगितलं. काचेशिवाय पेटीला निम्मीही किंमत येत नाही. त्याला तिथं नवी छापलेली काच बसवावी लागेल.

"नव्या काचंवर बाईला कापडं काय असत्याल?"

"मूळच्यासारखीच, आबा. दोन चिंध्या."

"असू दे," आबा म्हणाले. "पुन्यात चालतंय."

मंगळवारी पेटी गेली. जाताना आबांनी एका हातानं शेवटचा डाव खेळून घेतला आणि हरले. भांडी, गाद्या, ट्रंका न्यायला माझा नवरा टेम्पो घेऊन आला, पण काच टेम्पोत ठेवायला आबा तयार होईनात. खड्ड्यात फुटंल म्हणाले. एसटीनंच येनार, आन् नूतनच्याच गाडीनं.

दुपारच्या फेरीला कामथडीचा फाटा आला. आबा नेहमीच्या जागी उभे होते, आईनं शिवलेल्या वाकळेत काच गुंडाळून, दोरीनं बांधून. त्यांनी हात वर केला. मी घंटी दिली, गाडी थांबली, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा ते चढले.  मी मागच्या सीटवरच्या कॉलेजच्या पोरांवर उगाच ओरडून घेतलं.

आबांनी काच खिडकीच्या सीटवर उभी केली, नीट टेकवली आणि स्वतः तिच्याशेजारी बसले. मी बाकीची तिकिटं फाडत फाडत त्यांच्यापाशी आले.

"कार्ड?" मी म्हटलं.

त्यांनी आधारकार्ड काढलं. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट. मी पुढं सरकणार, तर आबांनी माझी पिशवी धरली.

"हिनं सीट अडीवलीया."

"राहू दे, आबा."

"राहू दे कसं? तुजा नियम हाय न्हवं?"

सगळी गाडी बघायला लागली. मी म्हटलं, "बरं, लगेज फाडते."

"लगेज?" आबा एवढ्या मोठ्यानं म्हणाले की ड्रायव्हरनं आरशातून मागं पाहिलं. "बाईमानूस हाय. अर्धं काप."

मी मशीनवर बोटं ठेवली. समोरचे आकडे मला दिसत नव्हते, पण हाताला सवय आहे. कामथडी ते भोर, महिला, एक. आबांनी रुमालाची गाठ सोडून सुटे मोजून दिले. मी तिकीट फाडून त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी त्याची बारीक घडी घातली आणि वाकळेच्या दोरीत खोचली.

"संबाळ गं," ते वाकळेला म्हणाले. "चेकर आला तर दावाया लागंल."

मी घंटीची दोरी दोनदा ओढली. गाडी हलली तसा आबांनी वाकळेसमोर आडवा हात धरला, तिला धक्का बसू नये म्हणून.